झोप न लागणारं झाड

आमच्या बोईसरच्या घरमालकांचं ठाम मत होतं, की फूल म्हणजे झाडाला पडलेलं स्वप्न. "आदी झोप, मग सपान," ते म्हणायचे. "झोपच नाय लागली त सपान पडंल कुठून?"

हे ते इतक्या गंभीरपणे सांगत, की ऐकणारा त्यांच्यासमोर मान डोलवी आणि खोलीत जाऊन हसे. मीही हसले होते. आता माझी स्वतःची गच्ची आहे, गच्चीत कुंड्या आहेत, आणि थंडी पडू लागली की मी मोगऱ्याचं पाणी तोडते, त्याची पानं ओरबाडून काढते. शेजारच्या वहिनी कळवळतात. "अहो, कशाला छळताय बिचाऱ्याला?" मी म्हणते, "छळत नाही, झोपवतेय." त्या मान डोलवतात. घरी जाऊन हसत असतील. हसू देत.

मालकांची आणि माझी ओळख हातापासून सुरू झाली. लग्न होऊन मी कराडहून बोईसरला आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. यांना औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी होती, पण डोक्यावर छप्पर नव्हतं. कुणीतरी या चाळीचा पत्ता दिला. बैठी चाळ, वर कौलं, समोर मोठं अंगण, कोपऱ्यात पाण्याची टाकी, आणि एका टोकाला मालकांचं स्वतःचं घर. मालक ओट्यावर बसले होते. उंच, हडकुळे, पाय एवढे लांब की ओट्यावर बसूनही जमिनीला टेकत. त्यांनी यांचं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. म्हणाले, "हात दाखवा."

यांना वाटलं, हात बघून भविष्य सांगणार. यांनी लगेच उजवा हात पुढं केला.

"तुमचा नको. तुमी दिवसभर कंपनीत. बाईंचा बघू द्या."

मी बावरून हात पुढं केला. त्यांनी लांबूनच पाहिला. "कोरडा हाय. देशावरच्या ना? तुमी पानी जपून घालनार." मग मोरीच्या मागं बोट दाखवून म्हणाले, "तुमाला अळू. त्याला कितीबी घातलं तरी पुरत नाय. हात सुटंल तुमचा."

अशी खोली मिळाली. चाळीचा नियमच होता, की खोली घेणाऱ्यानं एक झाड सांभाळायचं, आणि कुठलं ते मालक ठरवणार. झाड मेलं तर ते खोली सोडा म्हणत नसत. ते येऊन आपल्या उंबऱ्याबाहेर बसत आणि सुस्कारे टाकत. त्यापेक्षा खोली सोडलेली परवडली असती.

शेजारच्या खोलीत रंगाच्या कारखान्यातला एक पोरगेला कामगार राहायचा. त्याच्या नखांत कायम निळा नाहीतर लाल रंग असे. त्याला मालकांनी जास्वंद दिली होती. "तुमच्या हाताला रंग हाय, तिला आवडंल," म्हणाले. हा गडी मोठा टवाळ होता. पण कारखान्यातून आला की आधी जास्वंदीला पाणी घालायचा आणि मगच डबा खाली ठेवायचा, हे मी रोज बघत होते.

मी माहेराहून शेवंतीची रोपं आणली होती. ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन. ती मी दारात लावली आणि महिन्याभरात कुजली. मला रडू आलं. नवीन गाव, नवीन माणसं, आणि माहेरचं एकच काय ते बरोबर आलेलं, तेही गेलं. मालक येऊन उंबऱ्याबाहेर बसले. मला वाटलं, आता सुस्कारे. पण ते म्हणाले, "रडू नका. तुमच्याकडचं झाड तहानेनं मरतं, आमच्याकडचं लाडानं मरतं. तुमचा दोष नाय, हवेचा हाय."

ती हवा समजायला मला काही वर्षं लागली. आमच्याकडं ऊन पडतं आणि संध्याकाळी निघून जातं. तिथं ऊन जायचंच नाही. ते हवेत विरघळून राहायचं. कुंपणाला म्हणून रोवलेल्या पांगाऱ्याच्या मेखांना पालवी फुटायची. शेवग्याची फांदी तोडून टाकावी तर ती पडल्या जागी कोंब काढायची. मला आधी फार कौतुक वाटे. मालकांना मात्र ते बघून वाईट वाटे. "वाढतंय कसलं? पळतंय ते," म्हणायचे. "त्याला कुनी थांब म्हनत नाय, बस म्हनत नाय. बारा महिने नुसतं पळायचं. दमत नसंल का?"

दुपारी वारा समुद्राकडून फिरला, की ते एकेका झाडापाशी जाऊन पानावरून बोट फिरवत आणि बोट जिभेला लावत. "आज खारा हाय," असं जाहीर करत आणि मग ओल्या फडक्यानं पानं पुसायला बसत. मीठ त्यांना वैऱ्यासारखं होतं. जेवतानासुद्धा ताटात वाढून घेत नसत. काकी म्हणजे त्यांच्या बायको म्हणत, "भाजीत मीठ नसलं त चालंल, पानावर नको."

त्या दुपारी मला अजून आठवतात. पहिल्या पाळीची बस येऊन गेलेली असे, दुसऱ्या पाळीची माणसं गेलेली असत, आणि चाळ गप्प असे. अळवाच्या पानांवर टाकीचं पाणी थेंब थेंब गळत असे. मालक लांब पाय टाकत या झाडाकडून त्या झाडाकडं जात, काहीतरी पुटपुटत. मी दारात तांदूळ निवडत बसे आणि निवडता निवडता माझाच डोळा लागे. जाग यायची तेव्हा सूप मांडीवर तसंच असायचं आणि मालक त्याच सुरात कुणाची तरी समजूत घालत असायचे. स्वप्न कुठं संपलं आणि अंगण कुठं सुरू झालं, ते कळत नसे.

आणि या अंगणाच्या मधोमध सफरचंदाचं झाड होतं.

हो, सफरचंदाचं. बोईसरला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही तुमच्यासारखंच झालं. झाड चांगलं माणसापेक्षा उंच होतं, पानांनी भरलेलं होतं, आणि त्याला कधीही, एकदाही, फूल आलेलं नव्हतं. मालक त्याच्याजवळ जाताना चपला काढून ठेवत आणि आम्हालाही काढायला लावत. ते मूळचे माकुणसारकडच्या पानवेलीवाल्यांचे. पानमळ्यात चपला घालून जात नाहीत, तीच रीत त्यांनी सफरचंदाला लावली होती. कपडे वाळत घालायची दोरी त्या झाडापासून लांब. पोरांचा चेंडू त्या झाडापासून लांब. पौष लागला की आमचे ट्रान्झिस्टरही दाराआड, कारण झाड झोपायच्या प्रयत्नात असायचं.

"याला थंडी लागते झोपायला," मालक समजावत. "तिकडं बरफ पडतो, तवा सगळी पानं टाकून गाढ झोपतं. उठतं तवा फुलतं. इथं याला थंडीच भेटत नाय. बिचारं इतकी वर्षं टक्क जागं हाय."

मग ते त्याला थंडी देत. पहाटेच उठून खोडाभोवती ओली गोणपाटं गुंडाळत. बुंध्याशी बर्फ घालत. सातपाटीची एक मावशी आमच्याकडं मासे घेऊन यायची. पालघरवरून गाडीनं बोईसर, मग डोक्यावर पाटी घेऊन चाळीचाळींतून. तिला त्यांनी सांगून ठेवलं होतं. बर्फाच्या कारखान्यातून ती स्वच्छ लादीचा तुकडा भुशात घालून आणायची आणि म्हणायची, "मालक, तुमच्या पोराचा बरफ आनलाय." आणि सगळ्यात कहर म्हणजे, पौषात मालक पालघरच्या बाजारातून घेतलेला लोकरीचा स्वेटर आणि माकडटोपी घालून त्या झाडासमोर बसत. बोईसरची थंडी म्हणजे पहाटे पायावर चादर ओढावीशी वाटणं, एवढीच. मालकांच्या टोपीतून घाम ठिबकत असे. आणि ते दातांवर दात वाजवत असत.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"त्याला दावतोय," ते हळूच म्हणाले. "मला बघून त्याला वाटंल, खरंच थंडी पडली."

वसाहतीतला भोंगा वाजला की ते कान झाकत, स्वतःचे नव्हे, झाडाची वरची दोन पानं. पाळीच्या बसवाल्याला त्यांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवू नको म्हणून विनवलं होतं, आणि गंमत म्हणजे तो वाजवत नसे.

आता हे सगळं कशासाठी, तर एक फूल काकींना दाखवण्यासाठी. हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर हसत नसे.

लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत मालक घरातून निघून गेले होते. बापाशी पानमळ्यावरून भांडण झालं, रागानं स्टेशनवर आले, आणि समोर उत्तरेची गाडी उभी होती तीत बसले. काही वर्षं आलेच नाहीत. निरोप नाही, काही नाही. लिहायला येत नव्हतं, आणि आपली गोष्ट दुसऱ्याकडून लिहून घ्यायची लाज वाटत होती, असं ते सांगत. बाप गेल्यावर कुठून तरी कानावर आलं आणि परतले. मागाहून आपल्या वाट्याचा तुकडा विकून बोईसरला चाळ बांधली. ती वर्षं आपण हिमाचलात, डोंगरावरच्या एका सफरचंदाच्या बागेत राबत होतो, असं त्यांचं सांगणं होतं. गावाचं सांगणं वेगळं होतं. कुणी म्हणे मुंबईत दुसरा संसार होता. कुणी म्हणे तुरुंगात होता. मालकांची थापा मारायची सवय गावाला लहानपणापासून माहीत, त्यामुळे डोंगर आणि बर्फ कुणाला पटेना.

"आनि तुमाला पटलं?" मी एकदा काकींना विचारलं होतं. आम्ही मागच्या दारी बसलो होतो. त्या बोंबील साफ करत होत्या. त्यांच्यात राहून माझीही भाषा तोवर अशी सैलावली होती.

काकी ठेंगण्या, गोल, कमी बोलणाऱ्या. हातातला बोंबील संपवून त्या म्हणाल्या, "हे आले तवा मी भात घालत होते. दारात उभे. मी इचारलं, जेवलात? नाय म्हनाले. मग वाढलं."

"आणि मग?"

"मग काय? तेवढंच इचारलं. परत काय इचारलं नाय."

"कुठं होता, तेसुद्धा नाही?"

"इचारलं असतं त सांगितलं असतं. आनि मला ते खरं नसतं वाटलं त?" त्यांनी पुढचा बोंबील घेतला. "न इचारलेलं बरं. घरात मानूस हाय, तेवढं हाय."

मालकांचं दुखणं ते हेच. बायकोनं विचारलंच नाही. ती रागावली असती, भांडली असती, तर त्यांनी शपथा घेतल्या असत्या, पाय धरले असते. पण काकींनी विचारलं नाही, म्हणून ते न विचारताच सांगत बसत. ओट्यावर बसून, भाकऱ्या थापणाऱ्या काकींच्या पाठीकडं बघत. बर्फावर पाय कसा टाकायचा. कोळशाच्या शेगडीभोवती माणसं कशी बसून राहतात. बागवानाची म्हातारी कशी शिव्या द्यायची. काकी भाकरी उलटत आणि म्हणत, "हं."

त्या "हं"मध्ये राग नव्हता. टोमणा नव्हता. आणि त्यात विश्वासही नव्हता. मालक उठत आणि झाडाकडं जात. मला त्यांची त्या वेळची पाठमोरी आकृती बघवत नसे.

मालक दरवेळी सांगायचे त्यात एक गोष्ट ठरलेली असे, आणि ती सगळ्यात अविश्वसनीय होती. सफरचंदाची कळी लाल असते, म्हणायचे, कुंकवासारखी लाल. आणि उमललं की फूल पांढरं. "आख्खा डोंगर आदल्या दिवशी लाल, आनि दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा. मी बघितलाय."

रंगाच्या कारखान्यातला शेजारी खो खो हसायचा. "मालक, आमच्याकडं लाल टाकला तर लालच निघतो. तुमचा लाल जातो कुठं?"

"आत जातो," मालक म्हणायचे. "थांबतो. फळ पिकलं की परत बाहेर येतो."

"बरं, बरं," शेजारी म्हणायचा आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकवायचा. आमच्यापैकी कुणीच सफरचंदाचं फूल पाहिलेलं नव्हतं. सफरचंद आम्ही पाहिलं होतं ते आजारी माणसाच्या उशाशी. ते झाडाला लागतं हेच कधी मनात आलं नव्हतं. त्यामुळे लाल कळीतलं पांढरं फूल ही मालकांची सगळ्यात मोठी थाप, असं चाळीनं ठरवून टाकलं होतं. आणि मालकांनी उलट हिशेब धरला होता, की हे एकदा काकींच्या डोळ्यांदेखत घडलं, तर बाकीचं सगळं आपोआप खरं होईल.

झाड त्यांनी मिळवलं तेही असंच. वसाहतीत माल घेऊन उत्तरेकडचे ट्रक येत. चहाच्या टपरीवर दिसेल त्या ट्रकवाल्याला मालक गाठत आणि आपल्या मोडक्या हिंदीत विचारत, सेब का झाड लायेगा क्या. सगळे हसत. एकानं मात्र खरंच आणलं, कलम केलेलं, गोणपाटात मुळं बांधलेलं. देताना म्हणाला म्हणे, "चाचा, ले तो आया हूँ, पर यहाँ की गरमी में ये रोएगा." मालकांनी ते हातात घेतलं आणि तेच रडायला लागले. हे सगळं माझ्या आधीचं, काकींनी सांगितलेलं. सांगून झाल्यावर त्या हसल्या होत्या. "झाडासाठी रडले. मी म्हटलं, चला, कशासाठी तरी रडले."

आम्ही त्या चाळीत राहिलो ती सगळी वर्षं पौष आला, गोणपाटं आली, बर्फ आला, माकडटोपी आली, आणि झाड टक्क हिरवं राहिलं. माझा हात सुटला. अळू एवढं माजलं की चाळभर फतफतं जाई. मग मी सोनटक्का मागितला, मग अबोली. झाडांचं हे खूळ मला त्याच अंगणात लागलं. मालक शिकवत असे काही नव्हतं. ते झाडाशी बोलत आणि मी ऐके. "बाई, पानी घालताना घाई करू नये, त्याला कळतं," एवढं एक मात्र मला मुद्दाम सांगितलेलं आठवतं.

मग एका पौषात मालक तापानं पडले. ताप हटेना. अंथरुणावरून त्यांना उठवत नव्हतं, पण तोंडात एकच, झाडाला थंडी दिली का. काकी गोणपाटं ओली करत. बर्फाचं काम सातपाटीच्या मावशीनं आपल्या अंगावर घेतलं. "तुमी पडून ऱ्हावा, मालक. मी घालते." आणि ती रोज यायची, चपला काढायची, बुंध्याशी बर्फ ओतायची, आणि खिडकीतून ओरडून सांगायची, "घातला हो!"

मालक उठून बसू लागले तेव्हा माघ लागला होता. काकींचा खांदा धरून ओट्यावर आले आणि तिथंच थांबले. झाडाची पानं कडेनं करपली होती, करपलेल्या पापडासारखी. दोन-चार दिवसांत ती सगळी गळली. ज्या झाडानं इतक्या वर्षांत एक पान सुखानं टाकलं नव्हतं, ते पार उघडं झालं.

मालक झाडाजवळ बसले. बुंध्याजवळची माती चिमटीत घेतली, जिभेला लावली, आणि डोळे मिटले.

मावशी त्याच वेळी दारात आली. पाटी उतरवायचंही तिला भान राहिलं नाही. "मालक, बरफाचा कारखाना बंद पडला व्हता," ती म्हणाली. "तुमी तापात झाड झाड करत व्हते. मला वाटलं, खाडा पडला त तुमाला लागंल. म्हनून आमच्या बोटीतला आनला."

बोटीच्या पेटीतला बर्फ. दर्यात टिकावा म्हणून त्यात जाडं मीठ मारतात, हे सातपाटीच्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. इतकं ठाऊक, की तिच्या लेखी मीठ हा बर्फाचाच भाग होता. रोज पानं चाटून मीठ पुसणाऱ्या माणसाच्या झाडाला तिनं रोज मायेनं मीठ घातलं होतं. ती तिथंच बसून रडायला लागली. मला तिचाही राग येईना आणि मालकांकडंही बघवेना.

मालकांनी तिच्या डोक्यावरची पाटी स्वतःच्या हातानं उतरवली. "रडू नको," म्हणाले. "तू थंडीच आनलीस."

मग आम्ही सगळ्यांनी मुळं धुतली. टाकीत पाणी थोडंच असे, पण त्या दिवशी कुणी आपलं म्हणून बादली मागं ठेवली नाही. रंगवाल्या शेजाऱ्यानं तर अंघोळीचं पाणी आणून ओतलं. मालक ओट्यावरून बघत होते. संध्याकाळी त्यांनी आपली खाट फिरवली आणि झाडाकडं पाठ केली. तेव्हापासून त्यांनी झाडाकडं बघितलंच नाही. गोष्टीही बंद झाल्या. काकी भाकऱ्या थापत आणि मागं कुणीच काही बोलत नसे. हं म्हणायलाही काही उरलं नाही. एकदा भाकरी थापता थापता काकींचा हात थांबलेला मी पाहिला. त्या मागून काही ऐकू येतंय का, याची वाट बघत होत्या.

होळीसाठी लाकडं गोळा करायला गल्लीतली माणसं आली, तेव्हा मालक पाठ न वळवता म्हणाले, "ते मधलं न्या. वाळलंय."

ठरलं. होळीच्या आदल्या दिवशी सकाळी तोडायचं.

त्या सकाळी मी टाकीवर भांडी घासत होते. रंगवाला शेजारी रात्रपाळी करून नुकताच आला होता. काकी अंगणात सडा घालत झाडापर्यंत गेल्या, आणि चपला काढल्या. तोवर त्या कधी स्वतःहून काढत नसत, मालकांनी सांगितलं तर काढत. त्या वर बघत उभ्या राहिल्या. मग कुऱ्हाड घेऊन माणसं आली, तर त्यांना हातानंच थांबवून म्हणाल्या, "झाडाला हात लावू नका. दुसरीकडं बघा."

मी ओल्या हातानं धावले. उघड्या फांद्यांच्या टोकांना, जिथं जिथं पान गळून गेलं होतं तिथं, झुपकेच्या झुपके कळ्या होत्या. लाल. कुंकवासारख्या लाल. सगळ्या लालच नव्हत्या. सगळ्यात वरच्या फांदीवर, उन्हात, एक झुपका उमलला होता, आणि तो पांढराशुभ्र होता.

रंगवाला शेजारी माझ्या मागं येऊन उभा राहिला. त्यानं फुलाकडं पाहिलं, मग आपल्या नखांकडं पाहिलं.

मी बागकामाची पुस्तकं पुढं पुष्कळ वाचली. गरम मुलखात सफरचंदाची पानं मुद्दाम ओरबाडतात, मग ते फसून फुलतं, असं त्यांत सापडलं. झाड मरणाला टेकलं की फुलतं, असंही सापडलं. या झाडाबाबत हे दुसरं खरं असावं, कारण त्याला फळ धरलं नाही आणि ज्येष्ठात ते गेलं. पण मला अजूनही वाटतं, की ते शेवटी झोपलं होतं. मिठानं का होईना.

ते असो. मी त्या सकाळचं सांगत होते. मालकांना हाक मारावी म्हणून मी वळले, तर काकींनी मान हलवली. नको. त्यांनी पदराला हात पुसले आणि सावकाश मालकांच्या खाटेकडं गेल्या. मालक झाडाकडं पाठ करून भिंतीकडं बघत बसले होते. काकी त्यांच्या शेजारी, खाटेवर बसल्या. चारचौघांत असं शेजारी बसलेलं त्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. अंगणात सगळी चाळ जमली होती आणि कुणी हलत नव्हतं.

काकींनी विचारलं, "ओ, तिकडं थंडी लई वाजायची का तुमाला?"

मालकांनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. काकींच्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. त्यांनी झाडाकडं वळून बघितलंच नाही. बघायची गरज उरली नव्हती. एवढी वर्षं कुणी न विचारता सांगणाऱ्या त्या माणसाला आज कुणीतरी विचारलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. हो. खूप.

"मला वाटलंच," काकी म्हणाल्या, आणि आपला पदर मालकांच्या पाठीवर पांघरला.